परीक्षार्थींना अभय द्या

फेब्रुवारी उजाडला की या शहराची चर्या बदलते. गुलमंडी-औरंगपुऱ्यातील पुस्तकांच्या दुकानांत अपेक्षित प्रश्नसंचांसाठी गर्दी लोटते, घरोघरी दूरचित्रवाणी मुकी होते, पाहुण्यांना ‘इतक्यात येऊ नका’ असे आडवळणाने कळविले जाते, आणि पंधरा-सोळा वर्षांचे एक मूल अकस्मात घरातील सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत एकाकी व्यक्ती होऊन बसते. परीक्षा म्हणजे आयुष्यातील केवळ एक टप्पा, असे व्यासपीठावरून सर्वच सांगतात. घरात मात्र ती जीवनमरणाचा प्रश्न म्हणूनच मानली जाते. मुले भाषणे विसरतात. घरातील हवा विसरत नाहीत.

ही हवा किती विषारी झाली आहे हे सरकारी आकडेच सांगतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशातील १३,०४४ विद्यार्थ्यांनी आपले आयुष्य संपविले, आणि त्यांत सर्वाधिक, म्हणजे १,७६४ विद्यार्थी आपल्या महाराष्ट्रातील होते. या सर्वांच्या मुळाशी परीक्षाच होती असे कोणी म्हणणार नाही. एवढ्या टोकाच्या दुःखाला एकच कारण क्वचित असते. तथापि अपयशाचे भय हे त्या कारणांपैकी एक आहे, आणि ते भय मुलांनी आईच्या पोटातून आणलेले नाही. ते आपण त्यांना शिकविले आहे.

परीक्षेच्या काळात आपल्या शासनाला आणि माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाला सर्वाधिक चिंता असते ती कॉपीची. २०२५ साली कॉपीमुक्त अभियानाचा गाजावाजा झाला. भरारी पथके, बैठी पथके, चित्रीकरण, संवेदनशील केंद्रांवर ड्रोनची नजर अशी जय्यत तयारी झाली, आणि कॉपीस साह्य करणाऱ्या शिक्षकांना बडतर्फ करण्याचा इशारा देण्यात आला. कॉपी हा अपराध आहे आणि त्यास आम्ही तिळमात्र क्षमा करू इच्छीत नाही. प्रामाणिकपणे अभ्यास करणाऱ्या मुलाच्या ताटातील घास तो पळवितो. परंतु कॉपी आणि भय ही एकाच घरातील भावंडे आहेत, हे अद्याप आपल्या ध्यानात आलेले दिसत नाही. ज्याला आपल्याला येते अशी खात्री आहे तो चिठ्ठी कशाला लपवील? वर्षभर ज्या वर्गात प्रयोग झाले नाहीत, गणिताचा तास रिकामा गेला, त्या वर्गातील मुलावर शेवटच्या तीन तासांत पोलिसी पहारा बसविणे म्हणजे विहीर न खणता तहानलेल्यावर पाणी चोरल्याचा खटला भरण्यासारखे आहे. भयातून जन्मलेल्या रोगावर आणखी भयाची मात्रा देऊन तो कसा बरा व्हावा?

येथे पालकांना झोडपून मोकळे होणे सोपे आहे. आम्ही तसे करणार नाही. मराठवाड्यात परीक्षेला जे महत्त्व आले त्यास इतिहास आहे. १९४८ च्या सप्टेंबरात निजामी राजवट संपली, तोपर्यंत या भागातील उच्च शिक्षणाची वाट हैदराबादकडे जात होती. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुढाकाराने औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय उघडले, १९५८ साली येथे विद्यापीठ स्थापन झाले, आणि ज्यांच्या घराण्यात कोणी पाटीला हात लावला नव्हता त्यांची मुले पदवीधर झाली. ज्यांच्यापाशी बारमाही पाणी नाही, वडिलार्जित पेढी नाही, ओळखीचा साहेब नाही, त्यांना गुणपत्रिका हाच एक सातबारा वाटला तर त्यांना हसण्याचा अधिकार कोणाला आहे? कन्नड-सोयगावचा जो शेतकरी आपल्या मुलाला सिडको-हडकोत भाड्याच्या खोलीत ठेवून शिकवितो, त्याची तळमळ खरी आहे. मात्र तळमळ आणि धाक यांत अंतर आहे. ‘तुझ्यासाठी आम्ही किती खस्ता खाल्ल्या’ हे वाक्य दररोज ऐकणारे मूल अभ्यास करीत नाही. ते कर्ज फेडीत असते.

धाकाने बुद्धी कशी बधिर होते हे आम्ही स्वतः पाहिले आहे. वृत्तपत्रव्यवसायात येण्यापूर्वी आम्ही काही वर्षे शाळेत शिकवीत होतो. आमच्या वर्गातील एक मुलगा फळ्यापाशी उभा राहून भूमितीचे प्रमेय अस्खलित सिद्ध करी. सहामाहीत त्याच प्रमेयाखाली त्याने कोरे पान सोडले. कारण विचारता तो एवढेच म्हणाला, “गुरुजी, प्रश्न दिसला आणि घरचे आठवले.” त्यास आणखी अभ्यास कर असे सांगणे निरर्थक होते. पुढील दोन महिने आम्ही दर शनिवारी वर्गात एक छोटी, बिनगुणांची परीक्षा घेतली. चुका झाल्या, त्या सर्वांनी मिळून दुरुस्त केल्या. वार्षिक परीक्षेत त्याने ते पान भरले. आम्ही त्याला भूमिती नव्याने शिकविली नव्हती. परीक्षेची ओळख तेवढी करून दिली होती.

जे आम्हांस अनुभवाने कळले त्यास पुढे संशोधनाचाही आधार मिळाला. अमेरिकेतील सेंट लुई येथील वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिक या संशोधकांनी केलेला प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला. एकच मजकूर पुनःपुन्हा वाचणाऱ्या विद्यार्थ्यांपेक्षा, वाचून झाल्यावर पुस्तक मिटून आठवून लिहिणाऱ्यांच्या तो आठवड्यानंतर अधिक लक्षात राहिला. आपली मुले तर पहाटे चारला उठून पुस्तकावर पिवळ्या रेघा ओढीत बसतात आणि त्यालाच अभ्यास म्हणतात! २०११ साली शिकागो विद्यापीठातील रामिरेझ आणि बायलॉक यांनी असेही दाखवून दिले की, परीक्षेपूर्वी दहा मिनिटे मनातील धास्ती कागदावर उतरविणाऱ्या भित्र्या विद्यार्थ्यांची कामगिरी सुधारते. या दोन्ही उपायांना शिकवणीवर्गाचे शुल्क लागत नाही. कोरा कागद आणि पेन्सिल पुरते.

मग करावयाचे काय? पहिले काम शाळांचे. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार शंभर वा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा समाजकार्यकर्ता असणे आवश्यक आहे. गुणांवरून तुकड्या पाडणे आणि चारचौघांत पाणउतारा करणे संस्थांनी, विशेषतः शिकवणीवर्गांनी, शक्यतो टाळावे असेही त्यांत बजावले आहे. या शहरातील किती शाळांत असा समुपदेशक नेमला गेला आहे, याची यादी जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाने प्रसिद्ध करावी, अशी आमची मागणी आहे. मंडळ परीक्षेच्या तोंडावर समुपदेशकांचे दूरध्वनी क्रमांक जाहीर करते हे चांगलेच. परंतु जूनपासून ज्याच्याशी ओळख नाही त्याच्यापाशी फेब्रुवारीत कोणते मूल मन मोकळे करील?

दुसरे काम पालकांचे, आणि ते अधिक अवघड आहे. कारण त्यात काही करावयाचे नसून काही न करावयाचे आहे. पेपर देऊन आलेल्या मुलाला उंबरठ्यावर ‘किती पडतील?’ असे विचारू नका. शेजारच्या मुलाचे नाव महिनाभर काढू नका. त्याला सात तास झोपू द्या. आणि हेही त्याच्या कानी घाला की दार एकच नाही. दहावीत अनुत्तीर्ण होणाऱ्यांची फेरपरीक्षा २०१५ पासून त्याच वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी होऊ लागली आहे, आणि श्रेणीसुधाराचीही सोय आहे. २०२५ साली राज्यात दहावीचा निकाल ९४.१० टक्के लागला. शंभरातील चौऱ्याण्णव मुले ज्या दारातून आत जातात, त्या दारापाशी एवढा आकांत कशासाठी?

आता दोन शब्द तुमच्याशी, विद्यार्थी मित्रांनो. छातीत धडधड होणे हे दुबळेपणाचे लक्षण नव्हे. रंगमंचावर पाऊल टाकताना कसलेल्या नटाचीही होते. प्रश्नपत्रिका हाती आली की आधी ती पूर्ण वाचा, येणाऱ्या प्रश्नापासून आरंभ करा, न येणाऱ्यावर अडून बसू नका. आणि मन फारच दाटून आले, जगणेच नकोसे वाटू लागले, तर ते एकट्याने सोसू नका. आईला सांगा, शिक्षकांना सांगा, अथवा १४४१६ या शासनाच्या ‘टेली-मानस’ क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही बोला. त्यास पैसे पडत नाहीत, आणि त्यात कमीपणा तर मुळीच नाही.

परीक्षा राहतील आणि त्या राहाव्यातही. कस लागल्यावाचून सोन्याचे मोल कळत नाही. परंतु सोने पारखण्यासाठी कसोटीचा दगड लागतो, घण नव्हे. या मार्चमध्ये आपल्या घरात आणि आपल्या शाळेत यांपैकी काय आहे, हे ज्याचे त्याने एकदा पाहून घ्यावे.