हसणं स्वस्त, हसवणं महाग

स्वस्तात मिळालेल्या वस्तूबद्दल आपल्या मध्यमवर्गीय मनात दोनच विचार येतात. एक तर तिच्यात काहीतरी खोट असणार, नाहीतर आपण भलतेच हुशार असणार! घासाघीस करून आणलेली भाजी असो की ओळखीने मिळवलेला नाटकाचा पास, निकाल ठरलेला. पण तिसराही एक विचार मनात यायला हवा. मला ही वस्तू स्वस्त पडली, तर ती महाग कुणाला पडली? माझी सारी नोकरी बँकेत झाली. त्यामुळे असेल, पण जमेची बाजू दिसली की नावेची बाजू पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही.

हा प्रश्न मला पुरता सतावला तो स्कॉटलंडमध्ये, एडिंबराच्या 'फ्रिंज' महोत्सवात. २०१८ च्या ऑगस्टमध्ये आम्ही चार निवृत्त मित्र तिथे गेलो होतो. विनोदी कार्यक्रम भरपूर पाहायचे, पण पेन्शनीला झेपतील असेच, हा आमचा ठराव होता.

या महोत्सवाची जन्मकथा आगंतुकांची आहे. महायुद्ध संपल्यावर १९४७ मध्ये एडिंबरात आंतरराष्ट्रीय कला महोत्सव भरला, तेव्हा आठ नाट्यसंस्था निमंत्रण नसताना दाखल झाल्या आणि मिळेल त्या जागेत त्यांनी प्रयोग केले. पुढच्या वर्षी रॉबर्ट केम्प या नाटककाराने अशा प्रयोगांसाठी 'फ्रिंज', म्हणजे काठ, हा शब्द वापरला आणि तो चिकटला. आज तो काठ लुगड्याहून रुंद झाला आहे. २०१९ मध्ये ३२३ ठिकाणी ३,८४१ कार्यक्रम झाले आणि तीस लाखांवर तिकिटं गेली. तिथे निवड समिती नाही. ज्याला जागा मिळेल आणि खर्च झेपेल, त्याने यावं आणि उभं राहावं.

एवढ्या गर्दीत स्वस्ताईच्या वाटाही पुष्कळ. पहिल्या एक-दोन दिवसांचे प्रयोग कमी दरात असतात. सुरुवातीच्या सोमवार-मंगळवारी अनेक ठिकाणी एका तिकिटात दोघांना प्रवेश मिळतो. आणि सर्वांत स्वस्त म्हणजे चक्क फुकट! पीटर बक्ली हिल या विनोदकाराने १९९६ मध्ये ही प्रथा सुरू केली. पबच्या माडीवर किंवा तळघरात कार्यक्रम करायचा, कलाकाराने जागेचं भाडं द्यायचं नाही, पबवाल्याने पेयांच्या विक्रीवर समाधान मानायचं आणि प्रेक्षकाने तिकीट न काढता आत यायचं. कार्यक्रम संपला की कलाकार स्वतः बादली घेऊन दाराशी उभा राहतो.

बादली म्हटल्यावर आपल्याला चमत्कारिक वाटेल, पण ही रीत आपल्याला परकी नाही. आपलं कीर्तन तरी दुसरं काय आहे? मंडप सर्वांना मोकळा, श्रवण फुकट, आणि शेवटी आरतीचं ताट फिरतं. ज्याची जशी शक्ती आणि जशी भक्ती.

अशाच एका तळघरात आम्ही शिरलो. खुर्च्या पंचवीस, माणसं नऊ; त्यांतले चार आम्ही. कलाकार जेमतेम पंचविशीतला. त्याचे स्कॉटिश उच्चार आम्हाला निम्मेच कळत होते, पण नऊ माणसांपुढे तो नऊशे असल्यासारखा तासभर झटत होता. शेवटी बादली पुढे आली आणि आमच्यात कुजबूज सुरू झाली. एक जण म्हणाला, "अरे, फुकट लिहिलंय ना बाहेर? मग द्यायचं कशाला?" जन्मभर कॅश काउंटरवर बसलेले दुसरे गृहस्थ म्हणाले, "फुकट आत यायला होतं. बाहेर पडायला नाही." मला वाटतं, या विषयावर याहून नेमकं कुणी बोलणार नाही.

कारण हिशेब मांडून पाहा. हा मुलगा जवळजवळ महिनाभर त्या शहरात राहणार. ऑगस्टमध्ये तिथे राहण्याच्या जागांचे भाव आकाशाला भिडतात. प्रवास, जेवणखाण, वाटायची पत्रकं, सगळं त्याच्या खिशातून. ज्या ठिकाणी तिकीट असतं, तिथे तर जागेचं भाडंही बहुधा कलाकाराच्याच बोकांडी. आमचं हसणं स्वस्त झालं होतं ते त्याच्या कर्जावर.

म्हणून स्वस्त कार्यक्रम बंद करावेत का? मुळीच नाही. तिकीट महाग झालं की प्रेक्षक भित्रा होतो. टीव्हीवर पाहिलेल्या नावालाच पैसे टाकतो, अनोळखी माणसाला संधी देत नाही. उलट फुकट दारातून कोण येईल याचा नेम नसतो. जॉन कर्न्स या विनोदकाराला २०१३ मध्ये तिथला नवोदिताचा आणि २०१४ मध्ये मुख्य पुरस्कार मिळाला, आणि दोन्ही वर्षी त्याचा कार्यक्रम फुकटातला होता. २०२३ मध्ये नवोदिताचा पुरस्कार आपल्या मुंबईच्या उरूज अश्फाकने पटकावला. अशा नव्या आवाजांसमोर कुणीतरी नाव माहीत नसताना येऊन बसावं लागतं. स्वस्त तिकीट त्यासाठीच हवं.

मित्रांबरोबर जाण्याचं महत्त्वही इथेच. एकटा माणूस फसला तर तोंड कडू करून घरी येतो. चौघं फसले, तर त्या फसण्याचाच रात्रभर विनोद होतो. म्हणजे नव्याला संधी देण्याची जोखीम चौघांत वाटली जाते. बँकेच्या भाषेत, थकबाकीची भीती कमी होते.

मात्र स्वस्ताईचा हा लाभ घेणाऱ्यावर काही देणं राहतं. माझा नियम साधा आहे. कार्यक्रमानंतर त्यावर गप्पा मारताना चहावर किंवा बिअरवर माणशी जेवढं जाईल, तेवढं तरी बादलीत पडावं. अगदीच निराशा झाली तर कमी पडावं, पण शेवटपर्यंत बसून पडावं. आणि आवडलं तर नाव लक्षात ठेवून चार जणांना सांगावं. तोही एक प्रकारचा भरणाच आहे.

एडिंबराला जाणं सगळ्यांना जमणार नाही. पण आपल्या गावातही महाविद्यालयीन एकांकिका होतात, एखाद्या छोट्या सभागृहात नवी मुलं मोजक्या खुर्च्यांपुढे उभी राहतात. तिथे पास मागण्यापूर्वी आपण काय देणार आहोत याचा विचार व्हावा. कीर्तनात दोन प्रकारचे श्रोते असतात: ताटात यथाशक्ती टाकून उठणारे, आणि ताट जवळ येताना दिसलं की चपला शोधायला निघणारे. कीर्तन दोघांनाही सारखंच ऐकू येतं, पण पुढच्या वर्षी ते व्हावं की नाही, हे पहिल्यांच्याच हातात असतं.