उपटसुंभ

मराठी शिकवण्यात वीस वर्षे गेल्यामुळे दिसेल त्या परक्या शब्दाला घरचा प्रतिशब्द शोधायची एक खोड मला जडली आहे. संगणकाच्या पडद्यावर न बोलावता उगवणाऱ्या चौकोनाला इंग्रजीत ‘पॉप-अप’ म्हणतात. यंदाच्या श्रावणात एका रात्री जेवताना मी त्याला ‘उपटसुंभ’ असा शब्द काढला. सौभाग्यवती हसली, चिरंजीव हसले. आप्पा मात्र ताक अर्धे टाकून उठले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. मला वाटले, विनोद पडला. तो तसा पडलाही होता, पण निराळ्या अर्थाने.

आमचे बिऱ्हाड तुर्भ्याला, सेक्टर २१ मध्ये. एका अंगाला घाऊक बाजाराच्या मालमोटारी, दुसऱ्या अंगाला ठाणे-बेलापूर रस्ता. त्यामुळे कर्ण्याच्या आवाजावाचून झोप लागत नाही अशी आमची सवय. २०२० साली चिरंजीवांची शाळा घरात आली तेव्हा बाहेरच्या खोलीत संगणक आला. पुढे शाळा परत शाळेत गेली, चिरंजीव मोबाइलवर गेले, आणि ते यंत्र आप्पांच्या वाट्याला आले. दुपारी दोन ते चार आप्पा त्याच्यासमोर बसत. एका डोळ्याचे मोतीबिंदू काढलेले, दुसऱ्याचे काढायचे, म्हणून पडद्याला नाक लावून. काय करीत असतील, हे आम्ही कधी विचारले नाही. नाट्यसंगीत ऐकत असतील, अशी आमची समजूत. म्हाताऱ्या माणसाविषयी अशी एखादी समजूत करून घेतली की घरातल्या बाकीच्यांना मोकळे होता येते.

आषाढापासूनच पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात चिठ्ठ्या येऊ लागल्या होत्या. ‘तुमच्या यंत्रात पाच विषाणू आहेत’, ‘तुमचे संरक्षण आज संपते’, आणि मधूनच एखादी केस वाढवणाऱ्या तेलाची. एके दिवशी आप्पांनी भीत भीत विचारले, “अरे, हे काय येतं सारखं?” मी त्या दिवशी पेपर तपासून वैतागलो होतो. चिरंजीवांच्या देखत म्हणालो, “आप्पा, तुम्हाला किती वेळा सांगितलं, दिसेल तिथे बोट लावू नका!” आप्पा “बरं” म्हणाले. त्यानंतर त्यांनी मला काहीही विचारले नाही.

श्रावणात त्यांनी दुपारचे बसणे बंद केले. डोळ्याची तारीख आली, तर म्हणाले, “घाई काय आहे? दिवाळीनंतर बघू.” ज्या गृहस्थाने पहिल्या डोळ्याच्या वेळी डॉक्टरांच्या दारात अर्धा तास आधी जाऊन बैठक मारली होती, त्याने ही भाषा करावी याचे सौभाग्यवतीला नवल वाटले. (मला वाटले नव्हते, हे कबूल केले पाहिजे.) तिने त्यांना चहा दिला, समोर बसली आणि सरळ विचारले, “आप्पा, पैसे कुठे गेले?”

त्या प्रकाराला तोवर अकरा दिवस झाले होते. झाले होते ते असे. दुपारी अडीचला सारा पडदा लाल झाला, घंटा वाजू लागली आणि एक बाई इंग्रजीत बजावू लागली की यंत्र बंद कराल तर सर्व कागदपत्रे नष्ट होतील. खाली वीस मिनिटांचे उलटे घड्याळ आणि एक दूरध्वनी क्रमांक. आप्पांनी तो फिरवला. पलीकडचा मुलगा अतिशय अदबीने बोलला. ‘सर, सर’ करीत त्याने एक प्रोग्रॅम उतरवून घ्यायला लावला, आणि मग पडद्यावरचा बाण आप्पांच्या हाताशिवाय फिरू लागला. अठरा हजार पाचशे रुपये गेले. ते डोळ्याचे होते.

“पण आप्पा, मला हाक का नाही मारलीत? मी आतल्याच खोलीत होतो.”

आप्पा काही बोलले नाहीत. चिरंजीवांनी माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्याचा अर्थ लावायला एम. ए. व्हावे लागत नाही.

आता या उपटसुंभांविषयी मी जे शिकलो ते सांगतो, कारण ते शिकायला मला उशीर झाला. पहिली गोष्ट अशी की, तो लाल पडदा हा विषाणू नव्हेच. ते एक साधे पान असते, वर्तमानपत्रातल्या पानभर जाहिरातीसारखे. संपूर्ण पडदा व्यापल्यामुळे ते यंत्राच्या पोटातून आल्यासारखे वाटते, एवढेच. एस्केपची कळ दाबून धरावी, नाही जमले तर ऑल्ट आणि एफ-४ या कळा एकदम दाबाव्यात, तेही न जमले तर सरळ बटण दाबून यंत्र बंद करावे. जे उघडे काम साठवलेले नसेल ते जाईल, दुसरे काही जळत नाही. विषाणू येतो तो पुढे, आपण होऊन त्यांचा प्रोग्रॅम उतरवतो तेव्हा.

व्याकरणाच्या माणसाला या मजकुरात आणखी काही दिसते. खरी सूचना निवेदन करते: अमुक सापडले, अमुक केले. विंडोजमध्ये जो संरक्षक मुळातच बसवलेला असतो तो असाच बोलतो. खोट्याचे सारे क्रियापद आज्ञार्थी: ताबडतोब करा, बंद करू नका, कोणाला सांगू नका. त्याला घड्याळ लागते, कारण माणसाने शेजारच्या खोलीत जाऊन विचारले तर त्याचा धंदा बसतो. आणि त्याच्यापाशी दूरध्वनी क्रमांक असतो. मायक्रोसॉफ्टने स्वच्छ सांगितले आहे की त्यांच्या खऱ्या सूचनेत असा क्रमांक कधीही नसतो. त्या अदबशीर आवाजाची तर आमच्या ठाणे जिल्ह्याला जुनी ओळख आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये मीरा रोडला पोलिसांनी धाडी घातल्या तेव्हा कानाला यंत्रे लावून बसलेली शेकडो तरुण मुले सापडली. ती अमेरिकेतल्या लोकांना त्यांच्याच आयकर खात्याचे अधिकारी म्हणून धमकावीत होती. समोर मजकूर लिहून दिलेला असतो. मुलगा तो वाचतो. सर म्हणणेही त्यातच आले.

आम्ही त्या संध्याकाळी इंटरनेटची तार आधी काढली. उतरवलेला तो प्रोग्रॅम अजून तिथेच होता आणि यंत्र सुरू होताच मुकाट्याने जागा होत होता; अकरा दिवस दार उघडे होते म्हणायचे. तो काढला, संरक्षकाकडून पूर्ण तपासणी केली, परवलीचे शब्द सौभाग्यवतीच्या मोबाइलवरून बदलले. १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवली. बँकेत गेलो. तिथल्या बाईंनी सौम्यपणे सांगितले की पहिल्या तासात आला असता तर पैसे वाटेत अडवण्याची आशा होती. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाचाही रोख तोच होता: ग्राहकाच्या स्वतःच्या चुकीने पैसे गेले तर बँकेला कळवीपर्यंतचे नुकसान त्याचे, कळवल्यानंतरचे बँकेचे. म्हणजे गप्प बसण्याची किंमत तिथे रुपयांत मोजली होती. आमचे पैसे आजतागायत आलेले नाहीत.

उरले त्या कोपऱ्यातल्या चिठ्ठ्यांचे मूळ. एखाद्या संकेतस्थळाला आपण ‘सूचना पाठवायला परवानगी’ दिली की ते स्थळ मिटल्यावरही चिठ्ठ्या टाकीत राहते. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये या परवान्यांची यादी असते. चिरंजीवांनी ती उघडली. आत एकच अनोळखी नाव होते. जुनी पुस्तके फुकट मिळतात म्हणून ज्येष्ठात मी वर्गासाठी एक दुर्मीळ पुस्तक शोधत फिरलो होतो, त्यातलेच हे स्थळ. पुस्तक मिळाले नाही. बोट माझेच लागले होते.

हे आप्पांना सांगायला मला दोन दिवस लागले. सांगितले तेव्हा ते नुसते “असं होय” म्हणाले, आणि माझी अवस्था पाहून त्यांनीच विषय बदलला. १९८९ साली न्हावाशेवा बंदर सुरू झाले तेव्हापासून आप्पा एका क्लिअरिंग एजंटच्या कचेरीत कारकून होते. निवृत्तीनंतरही आठवड्यातून तीन दिवस जात. “२७ जूनची गोष्ट तुला माहीत आहे का? २०१७ ची?” त्यांनी विचारले.

माझ्या माहितीत वर्तमानपत्रातले चार ओळींचे वृत्त होते. त्यांच्या डोळ्यांपुढे सारे उभे होते. मर्स्क या डॅनिश कंपनीच्या ताब्यातल्या टर्मिनलची यंत्रे एकाएकी काळी पडली. पडद्यावर तीनशे डॉलरची मागणी. मूळ रोग युक्रेनमध्ये, हिशेबाच्या एका प्रोग्रॅमच्या नव्या आवृत्तीतून शिरलेला. नाव पुढे पडले नॉटपेट्या. पैसे दिले तरी कागद परत मिळण्याची सोयच त्यात नव्हती. कोणता कंटेनर कुठे आहे हे यंत्राला ठाऊक, आणि यंत्र मुके! हाताने नोंदी करून काम रेटण्याची धडपड सुरू झाली. “आम्ही जुनी माणसं कार्बन पेपर शोधत होतो,” आप्पा म्हणाले, आणि त्या महिन्यात प्रथमच हसले. मर्स्कने दहा दिवसांत पंचेचाळीस हजार संगणक आणि चार हजार सर्व्हर नव्याने उभे केले. नुकसान पंचवीस ते तीस कोटी डॉलर. साऱ्या जाळ्याची जी एक कळीची नोंदवही जगभर पुसली गेली होती, तिची एकच प्रत वाचली, ती घाना देशात, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती. लोडशेडिंगने कोणाचे कल्याण केल्याचे हे माझ्या ऐकण्यातले पहिलेच उदाहरण.

“त्या साहेबलोकांना कोणी म्हणालं नाही, बोट का लावलंत म्हणून,” आप्पा म्हणाले. रागाने नव्हे, कंटेनरचा क्रमांक सांगावा तसे.

मग मी विचारले, की मुळात घाबरलात कशाने? यंत्रात असे काय होते? आप्पांनी संकोचाने एक फाइल उघडून दाखवली. बासष्ट पाने, मराठीत, एका बोटाने टाइप केलेली. बंदरावरच्या आठवणी. पहिले जहाज, जासईचा चिखल, पावसात भिजलेली बिले, कचेरीतले डबे. तीन वर्षे दुपारी दोन ते चार हे चालले होते. दुसरी प्रत कुठेच नव्हती. वीस मिनिटांचे घड्याळ त्या बासष्ट पानांवर लावलेले होते. मराठीचा प्राध्यापक आतल्या खोलीत पेपर तपासत असताना.

त्या रात्री चिरंजीवांनी दोन पेनड्राइव्हवर प्रती काढल्या आणि मी एक प्रत छापून आणली. सेक्टरातल्या दुरुस्तीवाल्याने यंत्र पुसून सारे नव्याने घातले. डोळ्याची तारीख घेतली, दिवाळीच्या आधीची. या वेळी पैसे माझे, आणि त्यावर वाद झाला नाही.

परवा दुपारी बाहेरून हाक आली, “उपटसुंभ आला रे!” आम्ही तिघेही धावलो. आप्पांनी तार आधीच काढली होती आणि हात मांडीवर ठेवून ते बसले होते. पडदा लाल होता, घड्याळ उलटे चालले होते. आम्ही चौघे ते शून्यावर येईपर्यंत बघत राहिलो. काही झाले नाही. पान मिटले तसे आप्पांनी आपली फाइल उघडली, २०१७ चे प्रकरण काढले आणि मला विचारले, “‘उपटसुंभ’मधला ‘सुं’ ऱ्हस्व की दीर्घ?”