‘रीडिंग जुळवून घ्या’

इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत माझ्या जर्नलमध्ये एकही रीडिंग चुकलेलं नव्हतं. कारण त्यातली निम्मी रीडिंग मी घेतलीच नव्हती. मागच्या बॅचच्या फाईलचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर यायचे, ते उतरवायचे, ग्राफ गुळगुळीत काढायचा, सही घ्यायची. कधी चुकून खरं मोजलंच आणि आकडा वेगळा आला, तर लॅबमध्ये एक ठरलेलं वाक्य ऐकू यायचं : ‘रीडिंग जुळवून घ्या.’

मी इलेक्ट्रॉनिक्सचा पदवीधर आहे आणि नोकरी सॉफ्टवेअरमध्ये करतो. त्या वाक्याने माझं किती नुकसान केलं, हे मला गेल्या दिवाळीत सुप्याच्या घरी कळलं. एक साधा अ‍ॅम्प्लिफायर जोडताना.

चुलतभाऊ डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याला घरी गाणी ऐकायला काहीतरी दणदणीत हवं होतं. तयार ब्लूटूथ स्पीकर घेण्याऐवजी आपण जोडू, असं मीच म्हणालो. पुण्याहून येताना बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून ४४४० चं बोर्ड, १२-०-१२ चा ट्रान्सफॉर्मर, डायोड, कपॅसिटर, व्हॉल्यूमचं पॉट आणि अडीचशे रुपयांचा मल्टिमीटर घेऊन आलो. एलए ४४४० ही सान्योची जुनी आयसी, मुळात कारच्या टेपसाठी काढलेली. आपल्याकडे गावोगावच्या साउंडच्या खोक्यांत ती सापडते.

संध्याकाळी जोडणी झाली. गाणं वाजलं, पण त्याच्यामागे एक जाड ‘हूंऽऽ’ होता. आणि दहा मिनिटांत आयसीच्या हीटसिंकला हात लावता येईना.

भावाला म्हटलं, वहीत सप्लायचा व्होल्टेज लिही. त्याने लिहिलं, १२.

“मोजलास?”

“दादा, ट्रान्सफॉर्मरवरच लिहिलंय की.”

मला हसू आलं आणि लगेच लाजही वाटली. तो माझंच जर्नल लिहीत होता. मीटर लावला : १८.६ व्होल्ट. ट्रान्सफॉर्मरवरचे १२ हे एसीचे, आणि तेही पूर्ण लोड असताना. डायोडनंतरचा कपॅसिटर एसीच्या शिखरापर्यंत भरतो, म्हणजे सुमारे १.४१ पट. बाराचे तिथेच सतरा होतात. शिवाय लोड कमी होता आणि रात्री लाइनही चढी होती. या आयसीसाठी डेटाशीट १३.२ व्होल्ट सुचवतं (कारची बॅटरी साधारण तेवढी भरते) आणि चालू असताना १८ च्या वर जाऊ नका म्हणतं. दुकानदार म्हणाला होता, “सगळे बारा-झिरो-बाराच लावतात.” सगळे लावतात आणि सगळ्यांच्या आयसी जळतात. आम्ही ९-०-९ चा ट्रान्सफॉर्मर आणला. हीटसिंक कोमट झालं.

‘हूं’ मात्र तसाच. आता सल्ले सुरू झाले. मोठा कपॅसिटर टाक. अर्थिंग दे. प्लग उलटा घाल. एआयला विचारलं तर त्याने दहा कारणं दिली, दहाही शक्य कोटीतली. २२०० चा कपॅसिटर काढून ४७०० चा टाकला. आवाज तसूभरही कमी झाला नाही.

मग मी ऑफिसात बग शोधतो तसं केलं. रस्ता मधोमध तोडायचा आणि दोष कोणत्या बाजूला आहे ते बघायचं. फोनवरच्या स्पेक्ट्रम अ‍ॅपमध्ये शिखर १०० हर्ट्झला दिसत होतं. आपली लाइन ५० हर्ट्झची. दोन डायोडनंतर ती दुप्पट होते. म्हणजे हा आवाज हवेतून येत नव्हता, सप्लायच्या भरण्यातूनच येत होता. व्हॉल्यूम शून्यावर नेला, ‘हूं’ तेवढाच. म्हणजे मोबाइल आणि त्याची केबल निर्दोष. बोर्डाची इनपुट पिन तिथल्या तिथे ग्राउंडला टेकवली, आवाज गायब. मग दोष पॉट आणि बोर्ड यांच्यामध्येच हवा. तिथे होती पॉटची ग्राउंडची वायर. जवळ पडते म्हणून मी ती बोर्डाला न जोडता ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या वायरला जोडली होती. कपॅसिटर भरणाऱ्या करंटचे झटके त्याच वाटेने जातात. तारेत एक मिलिव्होल्टचा फरक पडला तरी ही आयसी तो पावणेचारशे पट करून स्पीकरला देते. वायर काढून बोर्डाच्या ग्राउंडला लावली. शांतता.

या सगळ्यात अवघड गणित कुठेच नव्हतं. १.४१ आम्हाला अकरावीपासून पाठ आहे. आम्हाला नव्हती ती मोजायची सवय, आणि मोजलेलं पटलं नाही तरी त्यावर विश्वास ठेवायची.

यावर म्हणतील, “तीस मुलांत एक ऑसिलोस्कोप, सर तरी काय करणार?” खरं आहे. पण आमचा दोष अडीचशेच्या मीटरने आणि प्रत्येकाच्या खिशातल्या फोनने सापडला. ऑसिलोस्कोप नाही म्हणून खोटे आकडे लिहायला लावायचे, हा पर्याय कुठून आला?

दुसरे म्हणतील, “शेवटी जायचं सॉफ्टवेअरमध्येच.” तर ऐका. नोकरीच्या पहिल्या वर्षी एक टेस्ट फेल होत होती. मी कोड न तपासता टेस्टमधलं अपेक्षित उत्तर बदललं. हिरवी टिक आली. चूक पुढे ग्राहकाच्या बिलात निघाली. ती सवय मला त्या कंपनीने लावली नव्हती, ती मी जर्नलमधून घेऊन गेलो होतो.

आणि आमच्या सुप्यात एमआयडीसी आहे. ‘इथली पोरं कामाची नाहीत’ हे वाक्य आम्ही लहानपणापासून ऐकतो. रात्रपाळीत मशीन अडलं की पाटीवर काय लिहिलंय याने भागत नाही, मोजावं लागतं. ज्या पोराला तीन वर्षं फक्त जुळवायला शिकवलं, त्याला पहिल्याच महिन्यात नालायक ठरवायचं, ही बदमाशी आहे.

माझी मागणी छोटी आहे. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत प्रत्येकाला एक बिघडवलेला अ‍ॅम्प्लिफायर द्या. मार्क दोष शोधण्याच्या पायऱ्यांना द्या, सापडला नाही तरी. आणि जर्नलमधला वाकडा ग्राफ खोडायच्या आधी तो वाकडा का आला, एवढं विचारा.

दिवाळीनंतर भावाने खरोखर मोजून एक प्रयोग लिहिला. तीन बिंदू रेषेबाहेर गेले. फाईल परत आली : पुन्हा लिहून आणा. त्याने फोन केला, “दादा, काय करू? सबमिशन शुक्रवारी आहे.”

मी म्हटलं, तेच आकडे ठेव, आणि खाली कोणत्या मीटरने, कुठे मोजलं ते लिही. मार्क गेले तर जातील. माझ्या वेळी मला हे सांगणारं कोणी नव्हतं, हे खरं. पण मीही कोणाला विचारलं नव्हतं.