दाताच्या डॉक्टरांचा बागुलबुवा नको



"नीट जेव, नाहीतर डॉक्टर सुई टोचतील!" आपल्यापैकी किती जणींनी हे म्हटलं नसेल? मी तर रोज म्हणायचे. परिणाम असा, की माझा चाळिशीतला मुलगा दाढ ठणकली तरी लवंग दाबून बसतो. गेल्या वर्षी शेवटी रूट कॅनाल करावं लागलं. मी कॉमर्सवाली, हा खर्च माझ्याच नावे मांडते.

आता नात साडेतीन वर्षांची आहे. तिला पहिल्यांदा दात दाखवायला न्यायचं ठरलं. मी म्हणाले, "काही होणार नाही, असं सांगूया." सूनबाई म्हणाली, "आई, आणि काही झालं तर?" मी गप्प बसले. सत्य हे आपलं अणुव्रत. ते काय फक्त मोठ्यांशी बोलताना पाळायचं?

मग जे होणार तेवढंच सांगितलं. खुर्ची वर-खाली होईल, दिवा लागेल, डॉक्टरमावशी छोट्या आरशाने दात मोजतील. घरी चमचा घेऊन बाहुलीचे दात मोजले, मग माझे. माझी एक दाढ कमी निघाली, त्यावर ती खूप हसली. सकाळची वेळ घेतली, पोट भरलेलं, झोप झालेली. ती आईच्या मांडीवर बसली, थोडी रडली, पण तोंड उघडलं. वीस दात मोजून झाले आणि आम्ही घरी आलो.

"दुधाचे दात, पडणारच की," असं अनेक जणी म्हणतात. पण मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत राहतात आणि पक्क्या दातांची जागा धरून ठेवतात. म्हणून डॉक्टर पहिल्या वाढदिवसापर्यंतच एकदा दाखवायला सांगतात. आम्हालाही उशीरच झाला. दुखायला लागल्यावर नेलं, तर मुलाची डॉक्टरांशी पहिली ओळखच वेदनेतून होते.

आणखी एक. आपण सूर्यास्तानंतर जेवत नाही, पण बाळाला दुधाची बाटली तोंडात देऊन झोपवतो. ते दूध रात्रभर दातांवर राहतं आणि दात किडतात. झोपण्याआधी दात घासून द्या.

मुलाला भीती दाखवून आपलं काम पाच मिनिटांत होतं, पण ती भीती तो चाळीस वर्षं वागवतो. मला हा व्यवहार तोट्याचाच वाटतो.