विश्लेषण : विंडोज १० बदलायचे, पण नेमके कधी?

शाहू मार्केट यार्डातील गुळाची अडत, शिवाजी उद्यमनगरातील वर्कशॉप, गावची पतसंस्था, लग्नपत्रिका छापणारा प्रेस. या सगळ्यांच्या टेबलावरील संगणकात आजही विंडोज १० असण्याची शक्यता मोठी आहे. मायक्रोसॉफ्टने या ऑपरेटिंग सिस्टीमचा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. दुसऱ्या दिवशी संगणक नेहमीसारखे सुरू झाले, बिले निघाली, पावत्या छापल्या गेल्या. त्यामुळे ‘बदलायचे का?’ या प्रश्नावर कोल्हापुरी उत्तर ठरलेले : ‘चालतंय की!’ हे उत्तर किती दिवस पुरेल आणि बदल करायचाच तर योग्य वेळ कोणती, याचा हा आढावा.

सपोर्ट संपला म्हणजे काय?

विंडोज १० ही २९ जुलै २०१५ रोजी बाजारात आली. तेव्हापासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी तिच्यातील सुरक्षेच्या त्रुटी दुरुस्त करणारे अपडेट मिळत होते. ते आता सर्वसाधारण वापरकर्त्यांसाठी बंद झाले आहेत. संगणक बंद पडत नाही, फक्त त्याची डागडुजी थांबते.

धोका इथूनच सुरू होतो. विंडोज १० आणि ११ यांचा बराचसा भाग सारखा आहे. विंडोज ११ मधील एखादी त्रुटी बुजवली गेली, की दुरुस्तीच्या आधीचा आणि नंतरचा प्रोग्राम ताडून पाहणाऱ्याला ती त्रुटी नेमकी कुठे होती ते कळते. तीच त्रुटी जुन्या सिस्टीममध्ये उघडी राहते. म्हणजे शेजाऱ्याने बदललेले कुलूप पाहून चोराला आपल्या घराच्या कुलपाची खोट समजावी, असा हा प्रकार. अँटीव्हायरस असला तरी मूळ भगदाड तो बुजवत नाही.

दुर्लक्ष केल्यास काय होते?

याचे उत्तर २०१७ ने दिले आहे. विंडोजमधील एका गंभीर त्रुटीची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी दिली होती. १२ मे रोजी त्याच त्रुटीतून ‘वॉनाक्राय’ हे खंडणीखोर सॉफ्टवेअर पसरले आणि सुमारे दीडशे देशांतील दोन लाखांहून अधिक संगणकांतील फाइल्स कुलूपबंद झाल्या. सर्वाधिक फटका बसला तो विंडोज ७ असलेल्या संगणकांना. त्या सिस्टीमचा सपोर्ट तेव्हा सुरू होता, पण अपडेट टाकलेले नव्हते. सिस्टीम नवी असणे पुरेसे नाही, अपडेटही वेळेवर टाकावे लागतात, हा त्यातला धडा.

पुढच्याच महिन्यात, २७ जून २०१७ रोजी, ‘नॉटपेट्या’चा हल्ला झाला. तो पसरण्याच्या मार्गांपैकी एक तीच मार्चमधील त्रुटी होती. युक्रेनमधून सुरू झालेल्या या हल्ल्याने डेन्मार्कच्या मर्स्क समूहाचे संगणक ठप्प केले आणि त्याची झळ थेट नवी मुंबईजवळील जेएनपीटी बंदरातील या समूहाच्या कंटेनर टर्मिनलपर्यंत पोहोचली.

रिझर्व्ह बँकेलाही हीच चिंता होती. विंडोज एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ रोजी संपला होता, तरी देशातील अनेक एटीएम वर्षानुवर्षे त्यावरच चालत होती. अखेर २१ जून २०१८ रोजी बँकांना टप्पे ठरवून देण्यात आले : सप्टेंबर २०१८ पर्यंत २५ टक्के, डिसेंबरपर्यंत ५० टक्के, मार्च २०१९ पर्यंत ७५ टक्के आणि जून २०१९ पर्यंत सर्व एटीएम. ‘चालतंय’ म्हणून पुढे ढकललेले काम अखेर वरून आदेश आल्यावर करावे लागले.

मग नवी आवृत्ती येताच घ्यावी का?

तसेही नाही. घाईचे तोटेही अनुभवास आलेले आहेत. विंडोज १० चे ऑक्टोबर २०१८ चे मोठे अपडेट २ ऑक्टोबरला जाहीर झाले आणि काही वापरकर्त्यांच्या डॉक्युमेंट व फोटोंच्या फाइल्सच पुसल्या गेल्याच्या तक्रारी आल्या. कंपनीने चार दिवसांत ते थांबवले आणि दुरुस्त करून १३ नोव्हेंबरला पुन्हा दिले. पहिल्या आठवड्यात ज्यांनी उडी घेतली, त्यांनी इतरांसाठी चाचणी करून दिली, इतकेच.

म्हणून दोन गोष्टी वेगळ्या ओळखायला हव्यात. दरमहा येणारे सुरक्षा अपडेट टाळू नयेत, फार तर काही दिवस थांबावे. संपूर्ण नवी आवृत्ती मात्र पहिल्या तक्रारी निवळेपर्यंत, दोन-तीन महिने थांबून घेतली तरी बिघडत नाही. विंडोज ११ लाही हे लागू आहे. होम आणि प्रो प्रकारात तिच्या प्रत्येक वार्षिक आवृत्तीला दोनच वर्षे सपोर्ट मिळतो. आपल्याकडे कोणती आवृत्ती आहे ते पाहण्यासाठी विंडोज कळ आणि आर एकत्र दाबून येणाऱ्या चौकटीत डब्ल्यू-आय-एन-व्ही-ई-आर ही सहा अक्षरे लिहावीत.

जुना संगणक चालेल का?

विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, सिक्युअर बूटची सोय आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते. प्रोसेसरची अट अधिक कडक आहे. इंटेल कोअर प्रकारात साधारणपणे आठव्या पिढीपासूनचे, म्हणजे २०१७ च्या उत्तरार्धानंतरचे प्रोसेसर चालतात. बऱ्याच संगणकांत टीपीएमची सोय असते, पण बायोसमध्ये ती बंद ठेवलेली असते. त्यामुळे ‘तुमचा संगणक चालणार नाही’ या पहिल्या उत्तरावर नवा घेण्यापूर्वी मायक्रोसॉफ्टच्या मोफत ‘पीसी हेल्थ चेक’ने तपासणी करावी.

अटी चुकवून विंडोज ११ टाकून देणारेही भेटतात. अशा संगणकाला पुढील अपडेट मिळतीलच, अशी हमी कंपनी देत नाही. मग बदलण्याचा मुख्य हेतूच हरवतो. ज्या संगणकावर फक्त इंटरनेट, ईमेल आणि मुलांचा अभ्यास होतो, त्याला लिनक्स हा मोफत पर्याय आहे. उबंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला पाच वर्षे सपोर्ट मिळतो आणि इनस्क्रिप्टने मराठी टायपिंगही होते. टॅलीवर ज्यांचा धंदा आहे त्यांना मात्र तो सोयीचा नाही.

खरे अडते कुठे?

ऑपरेटिंग सिस्टीमपेक्षा तिच्यावर चालणारी जुनी सॉफ्टवेअर हीच खरी अडचण. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येते आणि त्यावर १६ बिटचे प्रोग्राम थेट चालत नाहीत. एखाद्या संस्थेचे हिशेब अजून डॉसवरील फॉक्सप्रोत असतील, तर ते प्रथम नव्या प्रणालीत न्यावे लागतील. प्रेसमध्ये जुने पेजमेकर, युनिकोडपूर्व मराठी फॉन्ट आणि त्यासोबतचा हार्डवेअर लॉक असतो. त्या लॉकचा ड्रायव्हर नव्या सिस्टीमवर मिळतो का, हे आधी विचारावे. नाही तर पत्रिकांचा जुना सगळा साठा उघडता येणार नाही.

कारखान्यात सीएनसी मशीनसोबत आलेला कंट्रोल संगणक हा मशीनचाच भाग असतो. तो मशीन पुरवणाऱ्याला विचारल्याशिवाय बदलू नये. बदलणे शक्य नसेल, तर तो इंटरनेटपासून आणि ऑफिसच्या नेटवर्कपासून तोडावा, त्याला कोणाचाही पेन ड्राइव्ह लावू देऊ नये.

मुदतवाढ घ्यावी का?

घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेटची योजना दिली. त्यासाठी ३० डॉलर किंवा सेटिंग्जचा बॅकअप मायक्रोसॉफ्ट खात्यावर ठेवणे, असे पर्याय ठेवले. संस्थांना प्रत्येक संगणकामागे पहिल्या वर्षी ६१ डॉलर आणि पुढे दरवर्षी दुप्पट, अशी कमाल तीन वर्षांची सोय आहे. तिन्ही वर्षांची बेरीज ४२७ डॉलर होते. तेवढ्या पैशात साधा नवा संगणक घेता येईल. म्हणून मुदतवाढ ही तयारीसाठी घ्यावी, निर्णय टाळण्यासाठी नव्हे.

मग योग्य वेळ कोणती?

साखर कारखान्याचे वेळापत्रक याचे सोपे उत्तर देते. गाळप सुरू असताना मिल कोणी उघडत नाही. हंगाम संपला की ओव्हरहॉलिंग होते, म्हणजे पुढच्या हंगामात पहिल्या दिवशी मोळी टाकताना धाकधूक राहत नाही. संगणकाचेही तसेच असावे. मार्चअखेरचे हिशेब संपल्यानंतर सप्टेंबरपर्यंतचा काळ पतसंस्था, अडत दुकाने आणि कारखान्यांची कार्यालये यांना तुलनेने सोयीचा. प्रेसने लग्नसराई उतरल्यावर पावसाळ्यात हे काम करावे. ऑक्टोबरची तारीख गाठायची म्हणून दसरा-दिवाळीच्या तोंडावर, गाळपाची गडबड सुरू होताना बदल करणे म्हणजे अडचण ओढवून घेणे.

क्रमही महत्त्वाचा. आधी एकच संगणक बदलावा. त्यावर प्रिंटर, वजनकाट्याची जोडणी, हिशेबाचे सॉफ्टवेअर, मराठी फॉन्ट सर्व तपासावे. पंधरा दिवस काम नीट चालले तरच बाकीचे घ्यावेत. त्याहीआधी सर्व माहितीची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी आणि ती उघडून पाहावी. उघडून न पाहिलेला बॅकअप हा बॅकअप नव्हे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात सखल भागातील तळमजले पाण्यात गेले होते, हे आठवून ती डिस्क दुसऱ्या इमारतीत, वरच्या मजल्यावर ठेवलेली बरी.

जबाबदारी कोणाची?

घरच्या संगणकाचा निर्णय घरमालकाचा. पतसंस्थेच्या संगणकात मात्र हजारो सभासदांची नावे, ठेवी आणि आधारच्या प्रती असतात. सायबर हल्ल्याची माहिती ‘सर्ट-इन’ला सहा तासांत देण्याचे बंधन एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी घातले आहे. व्यक्तिगत डिजिटल माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. ‘संगणकवाल्याने सांगितले नाही’ हा बचाव तेव्हा चालणार नाही.

म्हणून हा खर्च फर्निचर दुरुस्तीच्या ओळीत लपवण्यापेक्षा अंदाजपत्रकात स्वतंत्र दाखवावा. किती संगणक, कोणती सिस्टीम, सपोर्ट कधी संपतो, बदल कधी, असा एक कागद संचालक मंडळासमोर आणि सप्टेंबरपर्यंत होणाऱ्या वार्षिक सभेत ठेवावा. सभासद लाभांशाचा दर विचारतात, तसा हाही प्रश्न त्यांनी विचारायला हवा. सहकारावर उभ्या राहिलेल्या जिल्ह्याने ठेवीदाराच्या विश्वासाला तिजोरीइतकेच जपले. ती तिजोरी आता बऱ्याच अंशी संगणकात आहे आणि तिच्या कुलपाची मुदत संपल्याची तारीख सर्वांना ठाऊक आहे.