सॅक तिच्या पाठीवर, ओझं मात्र इतरांना!

भुसावळच्या बाईला रेल्वेचं नवल नसतं. इथून एक फाटा नागपूरकडे जातो, दुसरा इटारसीकडे. पहाटेच्या गाडीची शिट्टी ऐकून आपण गॅस पेटवतो आणि रात्रीच्या गाडीच्या आवाजात झोपतो. निम्म्या घरांत कुणी ना कुणी रेल्वेत असतं. तरीही मैत्रिणींनो, खरं सांगा, आपल्यापैकी किती जणींनी निव्वळ एखादं गाव बघायचं म्हणून एकटीने गाडी पकडली आहे? लग्न, बाळंतपण, दवाखाना, देवदर्शन ही कारणं सोडून?

हा प्रश्न मला पडला तो आमच्या महिला मंडळातल्या एका मैत्रिणीच्या मुलीमुळे. मुलगी हुशार, दोन वर्षांपूर्वी शैक्षणिक कर्ज काढून जर्मनीला शिकायला गेली. तेव्हा सगळ्या गल्लीने पेढे खाल्ले. सुटीत ती पाठीवर सॅक टाकून चार दिवस एकटीच बर्लिन पाहून आली आणि आईला फोटो पाठवले. आईने ते कौतुकाने नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकले, आणि मग सुरू झालं! ‘कर्ज काढून शिकायला पाठवलं का फिरायला?’ ‘एकटी? आणि राहिली कुठे?’ आजीबाई तर रडवेल्या झाल्या, ‘एकटी कशी जाईन वं पोर?’

आजीची काळजी मी समजू शकते. पण गोष्ट काळजीवर थांबली नाही. धाकटीने यंदा बारावी केलीये, तिला पुण्याला शिकायचंय. आता घरातले वडीलधारे म्हणतात, ‘मोठीचं पाहिलं ना? धाकटीला इथेच जवळपास घाला.’ म्हणजे फिरली मोठी आणि शिक्षा धाकटीला! म्हणून या विषयावर लिहायलाच हवं असं वाटलं.

आधी पैशांचं बोलू, कारण सगळ्यांचा पहिला आक्षेप तोच आहे. मी त्या मुलीकडून फोनवर पै-पैचा हिशोब मागवला. तिच्या विद्यापीठात सत्राच्या फीमध्येच प्रवासाचं तिकीट येतं. ते आपल्या पॅसेंजरसारख्या साध्या गाड्यांना देशभर चालतं, जलद गाड्यांना चालत नाही. म्हणून ही बाई चार गाड्या बदलत सात-आठ तासांनी बर्लिनला पोहोचली. मध्ये एक गाडी रद्द झाली, तर स्टेशनवर तासभर बसून राहिली. जर्मनीतल्या गाड्याही लेट होतात बरं का! भुसावळच्या मुलीला त्याचं काय विशेष? बर्लिनमधल्या बस आणि मेट्रोलाही तेच तिकीट चाललं.

राहण्यासाठी तीन रात्रींचे 72 युरो गेले. जेवणात सकाळी बरोबर नेलेला चिवडा, दुपारी दुकानातला पाव आणि फळं, संध्याकाळी तिथे कोपऱ्याकोपऱ्यावर मिळणारं फलाफल, म्हणजे छोल्यांच्या वड्यांचं सँडविच. पाणी नळाचं, तिथे ते पिण्यालायक असतं. सगळं मिळून खर्च झाला सव्वाशे युरो. युरो साधारण शंभर रुपयांचा धरला तर साडेबारा हजार. आपल्याकडे साखरपुड्याच्या मानपानाच्या साड्यांत यापेक्षा जास्त जातात आणि त्या साड्या पुढे कुणी नेसतही नाही!

बरं, हे पैसे कर्जातले का? नाही. ती शनिवार-रविवार एका बेकरीत काम करते. जर्मनीत कायद्याने ठरलेलं किमान वेतन 2025 साली तासाला 12 युरो 82 सेंट होतं. म्हणजे हा अख्खा प्रवास दहा-अकरा तासांच्या मजुरीचा. परदेशी विद्यार्थ्याने वर्षातून किती दिवस काम करावं यालाही मर्यादा आहे, 2024 पासून ती 140 पूर्ण दिवसांची केली आहे. शिवाय व्हिसाच्या वेळी वर्षभराच्या खर्चाचे पैसे एका बंद खात्यात भरावे लागतात. 2024 च्या सप्टेंबरपासून ही रक्कम 11,904 युरो ठरली. त्यातून महिन्याला 992 युरोच काढता येतात. घरून भरलेले पैसे पोरीने एकदम उधळले, असं मनात आणलं तरी होत नाही. ज्यांनी मुलांना पाठवलंय त्यांना हे ठाऊक आहे. बाकीचे नुसत्या फोटोवरून हिशोब मांडतात.

आता दुसरा आक्षेप, ‘राहिली कुठे?’ ती राहिली होस्टेलमध्ये. हे कॉलेजचं होस्टेल नव्हे. एका खोलीत सहा-आठ पलंग, एकावर एक, आणि भाडं खोलीचं नाही तर पलंगाचं. सामानाला कपाट, कुलूप आपलं. बायकांसाठी वेगळ्या खोल्याही मिळतात, ती तशाच खोलीत होती. या पद्धतीची मुळंही जर्मनीतलीच. रिचर्ड शिरमान नावाचे एक शाळामास्तर मुलांना पायी सहलीला नेत. 1909 साली एका सहलीत त्यांच्या मनात आलं की गरीब मुलांना देश पाहायचा तर गावोगाव स्वस्तात झोपायची सोय हवी. पुढे आल्टेना गावच्या जुन्या किल्ल्यात पहिलं युवा वसतिगृह उभं राहिलं. आपल्या देशातही यूथ हॉस्टेल्स असोसिएशन आहे, त्यांच्या ट्रेकला जाऊन आलेली मुलं आपल्या ओळखीत सापडतील. म्हणजे ही सोय चैनीसाठी नाही, ज्यांच्या खिशात पैसे नाहीत त्यांच्यासाठी निघाली.

काळजी मात्र रास्त आहे आणि ती मी नाकारणार नाही. युरोपातही पाकीटमार असतात, रात्री सुनसान रस्ते असतात, वाईट माणसं असतात. पण काळजीचं उत्तर ‘जाऊ नको’ हेच एक असतं का? त्या मुलीने होस्टेल निवडताना आधी राहून गेलेल्या मुलींचे अभिप्राय वाचले. अंधार पडायच्या आत पोहोचेल अशी गाडी धरली. पासपोर्टची प्रत वेगळी ठेवली, पैसे दोन ठिकाणी विभागले, फोनवरून आपलं ठिकाण मैत्रिणीला दिसेल असं केलं. 112 हा मदतीचा नंबर सगळ्या युरोपीय संघात चालतो, तो तिला पाठ होता. आपल्या देशाचा दूतावास बर्लिनमध्येच आहे, त्याचा पत्ता लिहून घेतला होता. मला सांगा, आपण इथून शेगावला जाताना एवढी तयारी करतो का?

आणि पाहिलं काय तिने? 1961 साली एका रात्रीत उभी राहू लागलेली आणि 1989 च्या 9 नोव्हेंबरला खुली झालेली भिंत. एकाच शहरात मुलगी इकडे आणि आई तिकडे, अशी 28 वर्षं गेली. त्या भिंतीचा सव्वा किलोमीटरहून लांब तुकडा चित्रं रंगवून जपलाय, तो पाहायला पैसे पडत नाहीत. संसदेच्या काचेच्या घुमटात आधी नाव नोंदवलं की फुकट जाता येतं. मारल्या गेलेल्या ज्यूंच्या स्मारकात काँक्रीटचे 2,711 ठोकळे आहेत. त्यांच्यामधून एकटीने चालताना आपल्याला काहीच बोलावंसं वाटलं नाही, असं तिने आईला सांगितलं. स्वतःच्या सरकारने केलेलं पाप एखादा देश राजधानीच्या मधोमध असं मांडून ठेवतो, हे कुठल्या क्रमिक पुस्तकाने शिकवलं असतं? ह्याला फिरणं म्हणायचं की शिक्षण?

बर्लिन म्हटलं की मला इरावती कर्वे आठवतात. 1928 साली त्या मानववंशशास्त्र शिकायला बर्लिनला गेल्या. लग्न झालेलं होतं. पती दिनकररावांचा पाठिंबा होता, पण सासऱ्यांना ते पसंत नव्हतं. सासरे कोण? महर्षी धोंडो केशव कर्वे! ज्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, 1916 साली महिला विद्यापीठ काढलं, त्या अण्णांनाही सुनेचं परदेशी जाणं रुचलं नाही. इरावतीबाई तरी गेल्या, 1930 साली डॉक्टरेट घेऊन परतल्या. पुढे मापनाची साधनं घेऊन त्या देशभर हिंडल्या. पुण्याच्या रस्त्यावर स्कूटर चालवणाऱ्या पहिल्या काही बायकांत त्या होत्या. ‘युगान्त’ लिहिणारी बाई आधी हे सगळं जग पाहून आली होती. आणि गंमत म्हणजे 1929 साली सत्तरीला पोहोचलेले अण्णा स्वतःच युरोपच्या प्रवासाला निघाले!

हे सांगायचं कारण एवढंच की मनाई करणारी माणसं नेहमी वाईट असतात असं नाही. ती चांगलीही असतात, प्रेम करणारीही असतात. म्हणून तर त्यांना उत्तर देणं अवघड जातं. त्यांच्याशी भांडून उपयोग नाही, त्यांच्यापुढे हिशोब मांडावा लागतो. आमच्या मैत्रिणीला मी हेच सांगितलंय. मुलीने पाठवलेला खर्चाचा कागद त्याच ग्रुपवर टाक. राहण्याची जागा, गाड्यांच्या वेळा, कमाई, सगळं. ज्या मुलीला परक्या भाषेच्या देशात चार गाड्या बदलता येतात, तिच्या बहिणीला भुसावळहून पुण्याला जाता येणार नाही, असं मग कोण म्हणेल?

एक मात्र आपल्यालाही करायला हवं. एकटीने प्रवास करायची सवय एकदम परदेशात गेल्यावर लागत नाही, ती घरापासून लावावी लागते. आपण मुलींना गाडीत बसवून देतो, उतरवून घ्यायला माणूस पाठवतो. तिकीट भाऊ काढतो, फलाट वडील शोधतात. मग तिला कधी यायचं? 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. अजिंठा आपल्यापासून केवढ्याशा अंतरावर! दहावी झालेल्या मुलीला मैत्रिणीबरोबर जाऊ द्या. वेळ तिने पाहावी, खर्च तिने लिहावा, परतीची गाडी तिने धरावी. चुकली तर चुकू द्या, पुढची गाडी असतेच.

धाकटीच्या प्रवेशाचं अजून ठरायचंय. तिच्या आईबरोबर मी स्वतः तिच्या काकांकडे जाऊन बसणार आहे. तुमच्या गल्लीतही अशी एखादी धाकटी असेल. लोकांनी बोलायच्या आधी तिच्या आईकडे जाऊन या, आणि आपण तिच्या बाजूने आहोत एवढं सांगून या.