खापरखेड्याचा थांबा

मी उर्दू आणि मराठी असे दोन्ही विषय शिकवतो. उर्दूच्या तासाला 'मुसाफिर' शब्द आला की हमखास कोणीतरी विचारते, "सर, किती लांब गेलं की माणूस मुसाफिर होतो?" मग कसरची गोष्ट निघते. हनफी उलेमांनी साधारण 48 मैल, म्हणजे 77 किलोमीटरच्या आसपास अंतर धरले आहे. तेवढ्या प्रवासाला निघालेला माणूस चार रकातींची फर्ज नमाज दोनच रकाती पढतो. खापरखेड्याहून इतवारी त्या मानाने अगदीच जवळ. पण आमच्या मोहल्ल्यातले एक बुजुर्ग म्हणायचे, "मास्टरसाब, छोटी गाडी से जाओ तो आदमी इतवारी तक भी मुसाफिर हो जाता है."

छोटी गाडी म्हणजे नागपूर-छिंदवाडा नॅरोगेज. बंगाल नागपूर रेल्वेच्या काळातली, रुळांमधले अंतर अवघे अडीच फूट. इतवारी, खापरखेडा, पाटणसावंगी, सावनेर, केळोद, मग सौंसर आणि पुढे घाट चढून छिंदवाडा. पाटणसावंगीला जंक्शन म्हणायचे, कारण तिथून खाप्याकडे फाटा जायचा. खाप्याजवळ गुमगावची मँगनीजची खाण. अलीकडे सिल्लेवाडा, पिपळा, सावनेर या कोळशाच्या खाणी. म्हणजे या लाइनीचे पोट जमिनीखालच्या मालावर भरत होते. माणसे त्यासोबत चढत गेली. खदानीत पाळी करणारे, दुधाचे कॅन घेऊन निघालेले गवळी, संत्र्याच्या टोपल्या, आणि वाकीला जाणारे जायरीन. ताजुद्दीन बाबा वाकीला काशीनाथ पाटलांकडे राहिले होते. पाटणसावंगीला उतरून तिकडे जाणाऱ्यांत हिंदू किती, मुसलमान किती, हे कधी कोणी मोजले नाही.

2015 च्या अखेरीस ही गाडी बंद झाली. गेज बदलायचे होते. अडीच फुटांचे साडेपाच फूट करायचे तर जुने रूळ उखडावेच लागतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. छोट्या गाडीच्या आठवणीने गळे काढणाऱ्यांपैकी मी नाही. उन्हाळ्यात तिचा डबा तव्यासारखा तापायचा आणि वेळेवर पोहोचणे हा नशिबाचा भाग असायचा. प्रश्न मधल्या वर्षांचा आहे. नवी लाइन पूर्ण व्हायला वर्षे लागली, आणि 2020 च्या मार्चमध्ये करोनामुळे देशभरच्या प्रवासी गाड्या थांबल्या.

त्याच 2015 साली माझी एक विद्यार्थिनी दहावी चांगल्या गुणांनी पास झाली. वडील पॉवर हाऊसमध्ये ठेकेदाराकडे कामाला. मुलीला नागपूरला पाठवायला ते कचरत होते. मी घरी गेलो, चहा घेतला आणि म्हणालो, "गाडी आहे ना. इतवारीला उतरली की कॉलेज चालत दहा मिनिटं. पास काढला की महिन्याची चिंता मिटली." त्यांनी माझ्या शब्दावर नाव घातले. जूनपासून ती रोज जाऊ लागली, सोबत आणखी चार मुली. डिसेंबरात गाडी गेली. बस होती, नाही असे नाही. पण बस शहरात दुसऱ्याच टोकाला सोडायची, तिथून ऑटो, दोन्हीकडचे भाडे वेगळे. डिसेंबरात मगरीबची अजान साडेपाचच्या सुमारास होते. मुलगी घरी पोहोचायची सात वाजता. जानेवारीत तिने कॉलेज सोडले. बाकीच्या चौघींपैकी एकच टिकली, तिचे मामा नागपूरला राहत होते म्हणून. गाडी बंद होणार हे वर्तमानपत्रात आधीच आले होते. मी वाचले होते, तरी त्या चहाच्या वेळी ते मला आठवले नाही.

मुसलमान मुलींना शिकवत नाहीत, असे भाषणातून ऐकले की मला त्या पाच मुली दिसतात. घरच्यांचा धाक होता, खोटे कशाला बोलू. पण त्या धाकावर सकाळची एक गाडी भारी पडली होती. मौलानांच्या तकरीरीने जे झाले नव्हते ते स्वस्त पासाने झाले होते.

आता रुंद रूळ आहेत. जवळच महानिर्मितीचे वीज केंद्र, 210 मेगावॅटचे चार आणि 500 मेगावॅटचा एक संच, एकूण 1340. त्याला कोळसा अखंड लागतो आणि कोळशाची गाडी थांबली तर वरपर्यंत फोन जातात. जायलाच हवेत, त्या विजेवर माझाही पंखा फिरतो. पण माणसांची गाडी थांबली तेव्हा किती फोन गेले? आपणही केले नाहीत. कब्रस्तानच्या भिंतीसाठी आपल्या मोहल्ल्यात दोन दिवसांत सह्या गोळा झाल्या होत्या. गाडीसाठी एक कागदसुद्धा फिरला नाही, आणि तो फिरवायला हवा होता असा मास्तर त्याच मोहल्ल्यात राहत होता. नागपूरच्या मोतीबागेत 2002 पासून नॅरोगेजचे संग्रहालय आहे. मुलांना सहलीला नेले की ती इंजिनावर हात ठेवून फोटो काढतात. चांगली जागा आहे, जरूर बघा. फक्त त्या इंजिनामागच्या डब्यातून रोज कोण जात होते, याचा हिशेब वर्गात मलाच सांगावा लागतो.

म्हणून या महिन्यात अर्ज लिहिला. मागण्या दोनच. या मार्गावर गाड्यांच्या वेळा ठरवताना कॉलेज भरण्या-सुटण्याच्या वेळा धराव्यात, आणि कुठलीही नवी गाडी सुरू झाली तरी खापरखेड्याचा थांबा वगळू नये. उर्दूत लिहिला असता तर मोहल्ल्यात वाहवा झाली असती. मराठीत लिहिला, कारण सिल्लेवाड्याच्या आणि पाटणसावंगीच्या लोकांनीही सही करायची आहे. जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेर कागद घेऊन उभा राहिलो. त्या मुलीचे वडील आता ठेकेदारीतून सुटले आहेत, चष्मा जाड झाला आहे. त्यांनी अर्ज मला पूर्ण वाचून दाखवायला लावला. मग पेन मागितला आणि म्हणाले, "मास्टरसाब, इस बार पहले टाइम टेबल देख के बोलना." आणि सही केली.